गुरूच्या नावाने चाललेले कुळ



वर्धापनदिनी मठात गुरुपरंपरेचा उच्चार होतो, आणि एका नावामागून दुसरे नाव घेत आपण शतके मागे जाऊन पोहोचतो. त्या मालिकेतील एखाद्या पुरुषाचा जन्म कोठे झाला, त्याची माता कोण, हे विचारण्याचे कोणाच्या मनात सहसा येत नाही. परंतु ज्यांचे कुळच अशा मालिकेने चालत आले, त्यांच्या वंशजाने आपल्या पूर्वजाचा शोध घेऊ म्हटले तर काय होते? हैदराबादच्या बेगम बाजारातील दशनामी गोसाव्यांकडे त्यासाठी पाहावे.

दुसऱ्या निजामाची बेगम हुमदा बेगम हिने व्यापाऱ्यांना ही जागा दिली आणि त्यावरून बाजारास नाव पडले, असे परंपरा सांगते. येथे गोसाव्यांचे मठ उभे राहिले. एकाच वास्तूत देवाची पूजा आणि हुंडीचा व्यवहार चाले. संन्याशाने सावकारी करावी ह्याचे आज नवल वाटेल. पण तीर्थयात्रेचे मार्ग तेच व्यापाराचे मार्ग होते, आणि मठाचे धन मुलाबाळांत वाटले न जाता एका चेल्याच्या हाती जाई. पुण्याच्या सोमवार पेठेतील गोसावीपुराही अशाच पेढ्यांनी गजबजलेला असे.

शोधाचा आरंभ नावापासूनच करावा लागतो, आणि पहिली फसगतही तेथेच होते. गिरी, पुरी, भारती ही आडनावे नव्हेत. ती दहा संन्यासी नामांपैकी आहेत. गिरी म्हटले की ज्योतिर्मठाची शाखा, पुरी आणि भारती म्हटले की शृंगेरीची. गाव अथवा जात त्यावरून कळत नाही. त्याहून अधिक नेमकी खूण मढीची. अशा मढ्या ५२ सांगतात, आणि वृद्धांस आपली मढी अजून आठवते. जुन्या कागदात ‘अमुक गीर चेला तमुक गीर’ असे आढळले, तर इतर घराण्यांत जेथे पित्याचे नाव येते तेथे हे गुरूचे नाव आहे, हे ध्यानी धरले पाहिजे. दोघांच्या वयात पंचवीस वर्षांचे अंतर गृहीत धरून पिढ्या मोजणारा येथे हमखास चुकतो.

मग तीर्थोपाध्यायांच्या वह्या? गृहस्थाच्या कुळाचा तो मोठाच आधार. नाशिकास वा गयेस पूर्वज कोणासह आला, कोणाचे श्राद्ध केले, हे तेथे सापडते. संन्यासी मात्र दीक्षेच्या वेळीच स्वतःचे श्राद्ध करून मोकळा होतो. त्याला पिंड देण्यास कोणी यावयाचे नसते, म्हणून त्या वहीत त्याची ओळ पुढे चालत नाही. त्याच्या जन्मकुळाच्या पानावर फार तर बालपणीचे एक नाव राहते. ते नाव आणि हा महंत एकच, हे सांगणारा कागद क्वचितच मिळतो.

हिंमतबहादूर म्हणून मराठ्यांच्या इतिहासात गाजलेला अनूपगीर (मृत्यू १८०४) घ्या. पिता निवर्तल्यावर मातेने त्याला व उमरावगीर ह्या बंधूला राजेंद्रगिरीच्या पदरी घातले, असे सांगतात. इतिहासाने त्यांना राजेंद्रगिरीचे चेले म्हणूनच ओळखले. एवढ्या नामांकित पुरुषाची ही कथा, तर बाजारातल्या साध्या पेढीवाल्याच्या मातेची विचारपूस कोणी करावी!

सुदैवाने पैशाचा व्यवहार कागद सोडून जातो. निजाम सरकारास सावकारांचे कर्ज लागे आणि त्यापोटी तालुक्यांचा वसूल गहाण पडे. १८५३ मध्ये दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगाने हे तालुके सोडवून घेण्याचे काम केले. त्या काळची दफ्तरे फारसीत, पुढे १८८० नंतरच्या दशकात उर्दूत. आज ती हैदराबादेत तेलंगणाच्या राज्य अभिलेखागारात आहेत. तारखा बहुधा फसली सनाच्या. त्यांत ५९० मिळवावे, आणि जानेवारीनंतरचा दिवस असल्यास ५९१. २८ सप्टेंबर १९०८ चा मुसी नदीचा प्रलय अशा रीतीने फसली १३१७ मध्ये पडतो.

वारशाचे तंटे हा आणखी एक आधार. गोसावी घरबारी झाला, मग वारस चेला की पुत्र? दख्खनेतील गोसाव्यांचे असे वाद मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि साक्षीपुराव्याच्या निमित्ताने चालीरीती, भंडारा, महंतांनी चादर घालणे, हे सारे लिहिले गेले. भांडण झाले म्हणून माहिती राहिली. जेथे सलोखा होता तेथे कोरे पान!

बेगम बाजारच्या परिसरातील गोशामहालजवळची ज्ञानबाग, सोलापूरची नरसिंगगिरजी गिरणी, मुंबईच्या अपोलो बंदराजवळचा धनराज महाल ही एकाच गिरी घराण्याची नावे वागवतात. १९३१ च्या ‘आलम आरा’ची नायिका झुबेदा ही ह्याच घराण्याची सून. चेल्यांच्या मालिकेचे गृहस्थ कुळ कसे झाले, हे इतक्या थोड्या खुणांवरूनही दिसते.

राहिली समाधी. गोसाव्यास दहन नाही, भूमी मिळते, आणि वर शिवलिंग बसते. दगडावर अक्षरे असोत वा नसोत, कोणती समाधी कोणाच्या शेजारी, हे मांडून ठेवावे. त्यावरून गुरुशिष्यक्रम ताडता येतो. मढीचे नाव विसरले असेल, तर त्र्यंबकेश्वरी जावे. तेथील सिंहस्थात शैव आखाडे जमतात. २०१५ नंतरचे सिंहस्थस्नान २०२७ मधले. तोवर घरातील वृद्धांना विचारून घ्यावे, आणि त्यांत आजीला आधी.