गाठीतली गर्दी

भाईंदरहून चर्चगेटची लोकल रिकामी मिळाली, तर या दारातून त्या दारापर्यंत आरामात चालता येतं. विरारहून भरून आलेल्या गाडीत मात्र हातातली पिशवीसुद्धा हलत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मागच्या वर्षी माझ्या जावेच्या छातीत गाठ लागली. एमआरआयच्या रिपोर्टात 'रिस्ट्रिक्टेड डिफ्यूजन' असे शब्द होते. अर्थ कळला नाही, तरी आम्ही चूल थंड ठेवून रडत बसलो.

नंतर डॉक्टरीणबाईंनी समजावलं. शरीरातल्या पाण्याचे सूक्ष्म कण सारखे फिरत असतात. पेशी विरळ असल्या की ते मोकळे फिरतात, दाटीवाटी असली की अडतात. कॅन्सरच्या गाठीत पेशी बहुधा दाट असतात, म्हणून ती जागा चित्रात उठून दिसते. एवढ्या चित्रासाठी शिरेतून औषध सोडावं लागत नाही, आणि एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात.

पण गर्दी दिसली म्हणजे कॅन्सरच, असं नाही. पू भरलेलं गळूही असंच दिसतं, आणि काही कॅन्सरमध्ये पाणी मोकळंच फिरतं. म्हणून सुईने तुकडा काढून तपासावाच लागतो. आमच्या घरात "सुई लावली की गाठ पसरते" म्हणत दीड महिना घालवला. मीही गप्प बसले, त्याचा आजही राग येतो. सुईने कॅन्सर अंगभर पसरत नाही, उशिराने पसरतो. जावेचा कॅन्सरच निघाला. केमो सुरू झाल्यावर पुन्हा चित्र काढलं, तेव्हा पाणी मोकळं फिरू लागलं होतं. पेशी मरू लागल्या की असं होतं, कधीकधी गाठ लहान होण्याआधीच.

एमआरआय सगळ्यांना लागत नाही. सुरुवात हाताच्या तपासणीपासून होते. टाटा हॉस्पिटलने 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांत दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत शिकवलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. तिथे गाठी लवकर सापडल्या, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले.

एमआरआयला जाताना मंगळसूत्र, बांगड्या, केसातल्या पिना घरीच ठेवा. पेसमेकर असेल तर आधी सांगा. पालथं झोपवतात, मशीन खडखड करतं, घाबरू नका. परळच्या टाटाला जायचं तर दादरला उतरा, जुने रिपोर्ट न्या, आणि बचत गटातली एखादी सोबत घ्या.