सगळ्या मापांचा एकच पाना : घ्यावा का?

(रौप्य महोत्सवी वर्षात सोसायटीच्या सभागृहात रविवारी सकाळी झालेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरीसाहेबांनी मला विषय दिला तोच प्रश्नाच्या रूपात. "काका, मोबाईलवर तो सगळ्या नटांना बसणारा पाना दाखवतात, तो घ्यायचा का? बी विंगमधल्या चार जणांनी विचारलंय." एका शब्दात उत्तर हवं तर, नको. पण एवढं बोलून खाली बसलो तर चहा उकळायच्या आत कार्यक्रम संपेल. शिवाय माझी सगळी नोकरी कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात गेली, त्यामुळे पान्यांवर बोलायचं म्हटलं की थोडं लांबतंच.

या एकाच नावाखाली तीन-चार वस्तू विकल्या जातात. एक असतो गोल सॉकेटसारखा. त्यात स्प्रिंगवर बसवलेल्या बारीक पोलादी काड्या असतात. नटावर दाबला की नटासमोरच्या काड्या आत जातात, बाकीच्या नटाला वेढून राहतात. बघायला फार मजा येते, लहान मुलं तासभर खेळतील. दुसऱ्यात दांड्याच्या दोन्ही टोकांना फिरणारी डोकी आणि त्यात वेगवेगळ्या मापांची भोकं. आपल्या सायकलवाल्याकडचा डंबेल पाना याच घराण्यातला, पण तो कसला आव आणत नाही, सायकलपुरता चांगलाच आहे. तिसरा आकड्यासारखा, नटाला कडेनं विळखा घालणारा.

आता आपल्या घरात पाना लागतो कुठे? खरं सांगा. दहातल्या आठ वेळा बेसिनखाली, सिंकखाली नाहीतर गिझरखाली. तिथे अँगल कॉकला लवचिक कनेक्शन पाइप जोडलेला असतो. त्याचा नट पाइपातच ओवलेला असतो, त्याची दोन्ही टोकं मोकळी नसतात. सॉकेट किंवा भोकाचा पाना नटावर वरून घालावा लागतो. इथे वरून घालणार कुठून? मध्ये पाइप आहे! म्हणजे पहिले दोन प्रकार आपल्या मुख्य कामाला लागूच पडत नाहीत. जाहिरातीत बघा, नट नेहमी टेबलावर उघडाबोडका ठेवलेला असतो.

आकड्याचा पाना कडेनं बसतो खरा, पण तो नटाचे कोपरे पकडतो. साध्या तोंडाच्या पान्याचे दोन्ही जबडे नटाच्या समोरासमोरच्या सपाट बाजूंवर टेकतात, जोर पसरतो. कोपऱ्यावर जोर आला की पितळी नट गोल व्हायला वेळ लागत नाही, क्रोम निघतं ते वेगळंच. आणि गोल झालेला नट मग कुठल्याच पान्याला दाद देत नाही.

आणखी एक गोष्ट. कनेक्शनचा नट फिरवताना अँगल कॉक दुसऱ्या पान्यानं धरून ठेवायचा असतो. एकानं धरायचं, दुसऱ्यानं फिरवायचं. तसं केलं नाही तर कॉकही फिरतो आणि त्याच्यामागचा भिंतीतला तुकडाही. आपल्या इमारतीला पंचवीस वर्षं झाली, भिंतीतले जीआय पाइपही तितक्याच वयाचे. आटे गंजलेले असतात. तिथे चीर गेली तर आपल्याला काही दिसत नाही, खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या छताला ओल दिसते. मग अर्ज, मीटिंग, टाइल फोडणं आणि जिन्यात एकमेकांकडे न बघता जाणं! गेल्या काही वर्षांत हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय, विंगचं नाव घेत नाही. म्हणून ‘सगळ्याला एकच’ हा हिशेबच मला पटत नाही. काम दोन पान्यांचं आहे.

मग घ्यायचं काय? दोन स्क्रू पाने, एक ८ इंची, एक १० इंची. आठ इंचीचं तोंड साधारण २४-२५ मिलिमीटर उघडतं, दहा इंचीचं ३० च्या आसपास. अर्धा इंची जोडण्यांची बहुतेक कामं यात होतात. खरं तर सगळ्या मापांचा पाना हाच, आणि तो जुना आहे. स्वीडनच्या योहान पेटर योहान्सन यांनी १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचं पेटंट घेतलं, अजून त्यात फारसा बदल करावा लागलेला नाही. घेताना दुकानातच जबडा हलवून बघा. खडखडत असेल तर परत ठेवा. वापरताना तो नटावर घट्ट आवळायचा आणि हलणाऱ्या जबड्याच्या दिशेनं फिरवायचा, म्हणजे मुख्य भार पक्क्या जबड्यावर येतो. पक्कड नटावर लावू नका, ती तारेसाठी आहे.

पलंग, पंखा, मुलांची सायकल यांसाठी फिक्स पाने लागतील. १०, १३, १७ आणि १९ ही मापं आधी घ्या. ६ मिलिमीटरच्या बोल्टला १० चा पाना, ८ च्या बोल्टला १३ चा. पूर्ण सेट घेतलात तरी हरकत नाही, पण त्यातले निम्मे नुसते पेटीत चमकत राहतील.

बेसिनखालच्या बाटलीसारख्या ट्रॅपचे प्लॅस्टिक नट मात्र हातानंच आवळा. गळत असेल तर आधी वॉशर बघा. गॅसच्या जोडणीला हात लावू नका, वितरकाचा माणूस बोलवा.

पाइप पाना प्रत्येकानं घेऊ नये. त्याचे दात क्रोम खातात आणि तो वर्षातून एकदा लागतो. कमिटीला माझी सूचना आहे की १८ इंचीचा एक पाइप पाना आणि एक वॉटर पंप पक्कड सोसायटीच्या खर्चानं वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवावी, वहीत सही करून न्यावी. आणि प्रत्येक फ्लॅटचा स्टॉप कॉक कुठला, हे गच्चीवर रंगानं लिहून टाकावं. पाणी उडायला लागल्यावर सात कॉक एकेक करून बंद करत बसण्यात अर्थ नाही.

चहा आलेला दिसतोय. ज्यांनी घरचे पाने आणलेत त्यांनी ते इथे टेबलावर मांडा, चहा घेता घेता एकेकाचा जबडा तपासू.