हिंसा होण्याआधीचं काम : शिकायचं कुठे आणि कशासाठी?

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



काल रात्री जेवणं झाल्यावर तुमच्यापैकी तिघीचौघी माझ्याजवळ येऊन बसल्या. प्रश्न एकच होता. "ताई, पुढे शिकायचंय. एम.एस.डब्ल्यू. करू, पब्लिक हेल्थ करू, की स्त्री-अभ्यास?" मी म्हटलं, उद्या सगळ्यांसमोरच बोलू. कारण हा प्रश्न एकेकीच्या नोकरीपुरता नाही, आपल्या कामाचाही आहे.

आधी माझा अनुभव सांगते. एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर मी एका सल्ला केंद्रात काम करू लागले. एक बाई आमच्याकडे तीनदा आली. तीनदा नवऱ्याला बोलावलं, तीनदा त्याच्याकडून लिहून घेतलं. तिसऱ्या वेळेनंतर मी तिच्या घरी गेले, तेव्हा तिचा सोळा वर्षांचा मुलगा धाकट्या बहिणीवर ओरडत होता. शब्द बापाचे, आवाजही बापाचाच. ती म्हणाली, "ताई, माझं झालं ते झालं. ह्याचं काय करायचं ते सांगा." मला काही सांगता आलं नाही. अर्ज कसा लिहायचा, पोलिसांशी कसं बोलायचं, २००५ च्या कायद्याखाली कोणता आदेश मागायचा, हे मला येत होतं. तो मुलगा बापासारखा होऊ नये म्हणून काय करायचं, हे मात्र मी शिकलेच नव्हते.

आपल्या केंद्रात येणारी बाई मार खाऊन आलेली असते. आणि येतात तरी किती? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सुमारे २९ टक्के विवाहित स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितली फक्त १४ टक्के बायकांनी. म्हणजे आपण कितीही केंद्रं काढली, तरी बहुतेक जणी उंबऱ्याच्या आतच राहतात. तहान लागल्यावर विहीर खणायची, आणि तीही मोजक्यांसाठी, असं हे चाललंय.

हिंसा, व्यसन, आत्महत्या, बालकांचा छळ या गोष्टी घडण्याआधी काय केलं तर त्या कमी होतात, हे तपासणारी एक ज्ञानशाखा आहे. तिला प्रतिबंध-विज्ञान म्हणतात. अमेरिकेत १९९१ साली या संशोधकांची स्वतःची संस्था निघाली. या शास्त्राची रीत सोपी आहे. धोका कशाने वाढतो आणि माणूस कशाने सावरतो हे आधी शोधायचं. मग ठरवायचं की काम कुणाबरोबर करायचं : सगळ्यांबरोबर, जिथे धोका जास्त आहे त्यांच्याबरोबर, की जिथे चिन्हं दिसू लागली आहेत तिथे. शाळेतला सगळा वर्ग हे पहिलं. ज्या घरात मारहाण होते तिथली मुलं हे दुसरं. बहिणीवर हात उगारू लागलेला तो मुलगा हे तिसरं. आणि शेवटी, केलेल्या कामाचा उपयोग झाला का, हे प्रामाणिकपणे मोजायचं.

इथे एक शब्द मात्र आपण तपासून घ्यायला हवा. आपल्याकडे 'प्रतिबंध' म्हटलं की तो नेमका कुणावर येतो? "रात्री बाहेर पडू नका", "मोबाइल वापरू नका", "मुलीचं लग्न लवकर उरकून टाका", हेही प्रतिबंध म्हणूनच सांगितलं जातं. हिंसा करणारा मोकळा आणि मुलीच्या पायात बेडी. हे शास्त्र शिकताना पहिला प्रश्न आपणच विचारायचा : तुम्ही रोखताय कुणाला, हिंसेला की बाईला? हा प्रश्न चळवळीतून गेलेली बाईच वर्गात विचारू शकते.

आता मोजण्याबद्दल. आम्ही शाळांमध्ये मुलांची सत्रं घ्यायला लागलो. शेवटी फॉर्म भरून घ्यायचो, मुलं लिहायची, "खूप आवडलं". अहवाल छान जायचा. सहा महिन्यांनी त्यातल्या एका वर्गातल्या मुलींनी सांगितलं, "ताई, तुम्ही शिकवलेल्या शब्दांवरूनच पोरं आता आम्हाला चिडवतात." मी हादरले. आमचा हेतू चांगला होता, पण परिणामाचा आम्हाला पत्ताच नव्हता.

असं आमचंच झालं असंही नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ साली सुमारे पाचशे मुलग्यांचा एक प्रकल्प सुरू झाला. ही मुलं गुन्हेगारीकडे वळू नयेत म्हणून निम्म्यांना समुपदेशन, शिकवणी, शिबिरं असं वर्षानुवर्षं दिलं. जोन मॅकॉर्ड या संशोधिकेने तीस वर्षांनी त्यांचा शोध घेतला आणि १९७८ साली निष्कर्ष मांडले. मदत मिळालेल्यांची स्थिती न मिळालेल्यांपेक्षा कशातच बरी नव्हती, काही बाबतींत तर वाईट होती. आणि त्याच माणसांना विचारलं तर बहुतेक जण म्हणाले, "आम्हाला फार उपयोग झाला." तेव्हा "आवडलं" या शब्दावर आपण किती भिस्त ठेवायची, विचार करा.

उलटी उदाहरणंही आहेत. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांत काम केलं आणि ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यूत ६२ टक्क्यांची घट दिसली. १९९९ साली हे प्रसिद्ध झालं, आणि २०११ पासून आशाताईंच्या घरभेटींचा देशभराचा कार्यक्रम आला. मोजलं होतं, म्हणून सरकारला ऐकावं लागलं.

युगांडात कंपाला शहरातल्या 'सासा' या कार्यक्रमात वस्तीतल्याच बायका-पुरुषांनी सत्तेविषयी बोलायला सुरुवात केली : सत्ता कुणाकडे आहे, ती कशी वापरली जाते. चार वस्त्यांत काम झालं आणि दुसऱ्या चार वस्त्यांशी तुलना केली. २०१४ साली निष्कर्ष आले. काम झालेल्या वस्त्यांत वर्षभरातली जोडीदाराची मारहाण ५२ टक्क्यांनी कमी आढळली. पण वस्त्या आठच, म्हणून हा आकडा जपून वापरावा लागतो. आकडा कधी ठासून सांगायचा आणि कधी जपून, हेही शिकावंच लागतं.

तर शिकायचं कुठे? आपल्याकडे 'प्रतिबंध-विज्ञान' याच नावाची पदवी शोधत बसू नका. विषय तीन-चार दारांमागे विखुरलेला आहे. दार निवडण्याआधी आपला प्रश्न निवडा.

ज्यांना माणसांबरोबर, वस्तीबरोबर काम करण्याची पद्धत शिकायचीय, त्यांनी एम.एस.डब्ल्यू. करावं. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था, या जुन्या जागा आहेत. नोकरी सोडता येत नसेल तर इग्नूचं दूरशिक्षणाने होणारं एम.एस.डब्ल्यू. आहे, त्यातही क्षेत्रकार्य करावं लागतं. मात्र संशोधन पद्धती हा पेपर 'पास होण्यापुरता' करू नका. मी केला होता, त्याची किंमत नंतर मोजली.

हिंसा किती, कुठे, कशाने घटली, हा ज्यांचा प्रश्न आहे त्यांनी सार्वजनिक आरोग्याकडे, म्हणजे एम.पी.एच.कडे बघावं. तिथे साथरोगशास्त्र आणि संख्याशास्त्र शिकवतात. डॉक्टर असलंच पाहिजे असं नाही. तिरुवनंतपुरमच्या अच्युत मेनन केंद्रात हा अभ्यासक्रम १९९७ पासून आहे, टाटा संस्थेतही आहे.

"हे असं का होतं, कुणाच्या फायद्याचं आहे" हा ज्यांचा प्रश्न, त्यांच्यासाठी स्त्री-अभ्यास. पुणे विद्यापीठात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाचं केंद्र आहे, मुंबईत एस.एन.डी.टी.चं संशोधन केंद्र १९७४ पासून आहे.

याच विषयात पुढे जायचं असेल तर अमेरिकेत ओरेगन आणि वॉशिंग्टन स्टेट या विद्यापीठांत प्रतिबंध-विज्ञानाचं पदव्युत्तर शिक्षण आहे. लंडनच्या स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये स्त्रियांवरील हिंसेवर काम करणारं केंद्र आहे. खर्च मोठा आहे, हे लपवत नाही. पण अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलींसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. अनुभवी कार्यकर्तीसाठी फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्ती आहे, तिथे कामाची वर्षं मोजली जातात. अटी दरवर्षी बदलतात, म्हणून त्या त्या वर्षाची जाहिरात वाचूनच अर्ज करा. आणि "हे आपल्यासाठी नाही" असं फॉर्म न वाचताच ठरवू नका.

काल एकीने विचारलं, "गणित आणि इंग्रजीचं काय?" माझीही दोन्हींशी दुष्मनी होती. बचतगटाचं व्याज तोंडी काढणाऱ्या बाईला टक्केवारी जड जात नाही. अडतं ते भाषेपाशी. त्यासाठी गट करून अभ्यास करा, पेपर एकीने वाचावा आणि बाकीच्यांना मराठीत सांगावा.

सगळ्यांनाच जाता येणार नाही. पण एक गोष्ट उद्यापासून करता येईल. आपल्या केंद्राची नोंदवही उघडा. समेट झालेल्या बायकांची सहा महिन्यांनी कोण विचारपूस करतं? एकीने ती जबाबदारी घ्या. मात्र विचारताना तिची सुरक्षितता आधी, माहिती नंतर. घरी फोन लावून, नवऱ्याच्या कानावर जाईल असं विचारायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली हिंसेवरच्या संशोधनासाठी घालून दिलेल्या नियमांत हेच पहिलं आहे.

आपण शिकलो नाही तर मोजणं थांबणार नाही. दुसरं कुणीतरी येऊन आपलं काम मोजेल, आणि ते मोजेल किती सत्रं झाली, किती सह्या झाल्या. त्या बाईच्या मुलाचं काय झालं हे त्या तक्त्यात कधीच येणार नाही.

त्या बाईला मी अजून उत्तर दिलेलं नाही. पण निदान तो प्रश्न कुठे घेऊन जायचा, हे आता मला कळलंय. तुमच्यापैकी दोघी-तिघी जरी तो घेऊन शिकायला गेल्या, आणि शिकून परत आल्या, तर पुढच्या बाईसमोर आपल्याला गप्प बसावं लागणार नाही.