तासाला एक तरी चित्र



आपल्या कलाशिक्षकांच्या अधिवेशनांत रिक्त पदांवर बोलणं होतं, मानधनावर होतं, आणि सहामाही जवळ आली की आपला तास गणिताकडे कसा जातो यावरही होतं. ते व्हायलाच हवं. शिक्षण हक्क कायदा 2009 मध्ये झाला. त्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कलाशिक्षणाचा निदेशक आहे, पण पट शंभराच्या वर असेल तरच, आणि तोही अर्धवेळ. या लढ्याबद्दल आपले सरचिटणीस माझ्यापेक्षा अधिकाराने बोलतील. मी बोलणार आहे ते जो तास आपल्या हातात उरतो त्याबद्दल. त्या तासाला मुलं चित्र काढतात. चित्र पाहत मात्र नाहीत.

आपल्या शाळेतून दहावी होणारा एखादा हुशार मुलगा घ्या. एलिमेंटरी झाली, इंटरमिजिएटला ‘अ’ श्रेणी मिळाली. त्याने वस्तुचित्र केलं, संकल्पचित्र केलं, भूमिती आणि अक्षरलेखन केलं, आणि जत्रेचं स्मरणचित्र गाईडमधून पाठ केलं. पण कुठल्याही चित्रकाराच्या एका चित्रासमोर तो दहा मिनिटं बसला आहे का? बहुधा नाही. गाण्याच्या शिकवणीला पाच वर्षं जाणाऱ्या मुलाने कुणाचं गाणंच ऐकलेलं नसावं, तशी ही गत आहे.

याचं मूळ जुनं आहे. मुंबईचं जे. जे. कलाविद्यालय 1857 मध्ये सुरू झालं. कारागिरांचा हात सुधारावा, हा त्यामागचा एक मोठा हेतू होता. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची शिस्त आली, प्लास्टरचे पुतळे आले, भूमिती आली. आपल्या ग्रेड परीक्षांमध्ये त्या शिस्तीचा अंश अजून आहे. मी तिला नावं ठेवणार नाही. हाताला वळण लागतं ते तिनेच. पण त्याच जे. जे.मध्ये आणखी एक गोष्ट घडली, तिची आठवण आपण कमी ठेवतो. जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेलं, आणि भिंतीवरच्या चित्रांच्या नकला करण्याचं काम 1885 पर्यंत चाललं. पेस्तनजी बोमनजींसारखे विद्यार्थी त्यात होते. अपुऱ्या उजेडात, पोपडे सुटलेल्या भिंतीसमोर बसून एकेका आकृतीची रेषा शोधायची. पुढे त्यांतल्या कितीतरी नकला लंडनमध्ये आगीत जळाल्या. तरी त्या मुलांचं पाहणं झालं होतं, ते कसं जळणार? म्हणून कुणी ‘नकल वाईट’ असं सरसकट म्हटलं की मी थोडा थांबतो. कशाची नकल आणि किती वेळ पाहून, हे आधी विचारावं.

कलेचा इतिहास म्हटलं की आपल्यातल्या पुष्कळांना पदविकेच्या वर्गातल्या सनावळ्या आठवतात. गांधार, मथुरा, गुप्त, मुघल, कंपनी शैली. हे सातवीच्या मुलापुढे ओतलं तर तो चित्रांचा कायमचा कंटाळा करील. सुरुवात एका चित्रापासून करावी. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांचं समई घेतलेल्या तरुणीचं जलरंगचित्र घ्या, ‘ग्लो ऑफ होप’. 1945-46 च्या सुमाराचं. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, पण चांगली छापील प्रत फळ्यावर लावता येते. पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. मग विचारायचं, ज्योत तळव्याआड आहे, तर ती पेटलेली आहे हे तुला कशावरून कळलं? कुणीतरी बोटांचा लालसरपणा सांगेल. कुणी घरी अंधारात मोबाइलची बॅटरी तळहाताखाली धरून पाहिलेली असते, तो ते सांगेल. मग उजेड चेहऱ्यावर कुठपर्यंत गेला, पदरावर कुठे संपला, सावली कुठे पडली, हे मुलं आपणहून शोधू लागतात. जलरंगात उजेड म्हणजे पुष्कळदा न रंगवता राखलेला कागद, हे सांगायची वेळ आता आली. आणि शेवटी गोष्ट: समोर उभी होती ती चित्रकाराची मुलगीच, आणि हे चित्र लोक वर्षानुवर्षं राजा रविवर्म्याच्या नावावर खपवत आले. का बरं? या एका प्रश्नावर रविवर्म्याचा छापखाना, भिंतीवरची कॅलेंडरं, जे. जे.ची परंपरा, सगळं पुढच्या दोन-तीन तासांत येतं. सनावळी मग मुलंच मागतात.

दुसरं उदाहरण वारलीचं, आणि इथे मला थोडं कडक बोलायचं आहे. स्नेहसंमेलनाच्या कमानीपासून पाण्याच्या बाटलीपर्यंत त्रिकोणी माणसं नाचताहेत. मुलं ती दहा मिनिटांत काढतात. पण लग्नघराच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिणाऱ्या सवाशिणी, मधोमध पालघट देवी, हे किती वर्गांत सांगितलं जातं? डहाणूकडच्या जिव्या सोमा मशे यांनी सणासमारंभाची वाट न पाहता रोज चित्र काढायला घेतलं आणि बायकांच्या हातची ही कला पुरुषाच्या हातीही आली, कागदावर आली, परदेशी गेली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हा इतिहास नाही तर काय? जिवंत समाजाची चित्रभाषा आपण किनारीची नक्षी करून टाकली आहे. नवं शिक्षण धोरण कला सगळ्या विषयांत मिसळायला सांगतं. रांगोळीतून अपूर्णांक शिकवा, माझी हरकत नाही; पण मग तो तास अपूर्णांकांचा झाला, रांगोळीचा नव्हे.

एक आक्षेप मला गंभीर वाटतो. थोरांची चित्रं दाखवली की मुलाचं स्वतःचं चित्र बुजतं, तो अनुकरण करू लागतो. सेवाग्रामला नयी तालीमच्या शाळेत 1944 पासून कला शिकवणारे देवीप्रसाद हे शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांचे विद्यार्थी. मुलाची अभिव्यक्ती मोठ्यांनी आपल्या मापाने मोजू नये यावर ते ठाम होते, आणि कला हा शिक्षणाचा पायाच आहे असं मांडणारं पुस्तक त्यांनी लिहिलं. पहिली-दुसरीच्या मुलांबाबत मी पूर्णपणे त्यांच्या बाजूचा आहे. त्या वयात रंग द्यावेत आणि बाजूला व्हावं. पण अकरा-बारा वर्षांचा मुलगा स्वतःच आपल्या चित्रावर नाराज होऊ लागतो. ‘सर, हात जमत नाही’ म्हणतो. त्या वेळी त्याला आधार लागतो. आपण तो दिला नाही तर मोबाइल देतोच, गाईड तर आहेच. अनुकरण होणारच असेल तर अजिंठ्याच्या पद्मपाणीचं होऊ दे.

साधनं नाहीत, ही तक्रार खरी आहे. पण औंधला यमाईच्या डोंगरावर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये उघडलेलं संग्रहालय आहे. तिथे रविवर्माही आहे आणि हेन्री मूर यांचं आई-मुलाचं शिल्पही. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाचे चित्रकथी चित्रांची पोथी उलगडून कथा गातात. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात भिंतीवरची चित्रं आहेत. सहल मात्र वॉटर पार्कला जाते, आणि चित्रकलेचे सर डोकी मोजायला सोबत असतात.

कार्यकारिणीपुढे मी एक मसुदा ठेवला आहे. प्रत्येक तालुक्याच्या शाखेने आपल्या हद्दीत मुलांना दाखवता येतील अशा कलाकृतींची यादी करावी: देवळातलं शिल्प, वाड्यातलं चित्र, चौकातला पुतळा, एखाद्या घरातला जुना तसबिरींचा संग्रह. सोबत दोन ओळींत तिथे कुणाला विचारायचं ते लिहावं. पाचवी ते नववीच्या वर्गात महिन्यातला एक तास फक्त पाहण्यासाठी राखावा. आणि कला संचालनालयाला आपण कळकळीची विनंती करावी की या तासाची परीक्षा कृपा करून घेऊ नका. मसुदा दुपारच्या खुल्या सत्रात येईल. विदर्भ-मराठवाड्याची नावं माझ्या यादीत कमी आहेत. तिकडच्या मंडळींनी जेवणाच्या सुट्टीतच भर घालावी.