जुनं सॉफ्टवेअर, नवा लॅपटॉप: अडत दुकानाचा हिशोब कसा वाचवायचा?

आजचा विषय जरा जुनाट वाटेल, पण तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरच्या दुकानात तो रोज कर्रर्र वाजतोय. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर! वाशिम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर, कुठल्याही बाजाराच्या गावात जा. सोयाबीनच्या हंगामात कुठल्या ना कुठल्या अडत दुकानात काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं आणि बाजूला तो प्रिंटर दिसतोच.

मी वाशिममध्ये कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. दर हंगामात एक तरी फोन ठरलेला: "भाऊ, जुना डबा बंद पडला. नवा लॅपटॉप आणला, पण आपला प्रोग्रॅमच उघडून नाही राहिला." आणि बाहेर शेतकरी पट्टीसाठी उभे. कोणाचा माल किती, हमाली-तोलाई किती कापली, कोणाची उचल बाकी, सगळं त्या डब्यात. म्हणजे प्रश्न मशीनचा नाही, लोकांच्या पैशाचा आहे.

आता हे होतं का? हे प्रोग्रॅम बहुतेक फॉक्सप्रोमध्ये लिहिलेले असतात. डॉसचं फॉक्सप्रो म्हणजे १६-बिट जमाना. ६४-बिट विंडोज १६-बिट प्रोग्रॅम चालवतच नाही. विंडोज १० ची ३२-बिट आवृत्ती होती, तिच्यात सोय होती. विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे. आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे हा फोन आता जास्तच वाजणार. हां, तुमचा प्रोग्रॅम व्हिज्युअल फॉक्सप्रोचा असेल तर निवांत राहा. तो ३२-बिट आहे, नव्या विंडोजवरही चालतो.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, प्रोग्रॅमच्या मागे लागू नका. आधी डेटा! मदरबोर्ड मेला तरी हार्डडिस्क बहुतेक वेळा जिवंत असते. ती काढा, यूएसबी अडॅप्टरने जोडा आणि अख्खा फोल्डर कॉपी करा. फक्त डीबीएफ फाइल उचलू नका. शेरे वेगळ्या एफपीटी फाइलमध्ये असतात, ती राहिली तर अर्धी माहिती गेली. काम नेहमी कॉपीवर करायचं, मूळ फाइलला हात नाही. डीबीएफ फाइल लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये सरळ उघडते, फुकट. म्हणजे प्रोग्रॅम चालायच्या आधीच कोणाची किती बाकी हे तुमच्या डोळ्यासमोर.

आता प्रोग्रॅम. दोन रस्ते आहेत. एक, व्हर्च्युअलबॉक्समध्ये ३२-बिट विंडोज बसवायची. मात्र तिला इंटरनेट द्यायचं नाही. दुसरा, डॉसचं सोंग घेणारा प्रोग्रॅम. डॉसबॉक्स सगळ्यांना माहीत आहे, पण तो मुळात गेमसाठी बनवलाय. व्हीडॉस हा ऑफिसच्या कामासाठी बनवलेला आहे आणि प्रिंटही विंडोजच्या प्रिंटरकडे पाठवतो. एक गंमत सांगतो. जुनं फॉक्सप्रो वेगवान प्रोसेसरवर सुरू होतानाच 'डिव्हाइड बाय झिरो' म्हणून आडवं पडतं. ते सुरुवातीला मशीनचा वेग मोजतं आणि मशीन इतकी पळते की गणितच शून्यावर येतं! त्यासाठी पॅच आहे, किंवा डॉसबॉक्समध्ये सायकल्स कमी करा.

प्रिंटर. "लेझर का घेत नाही?" असं पोरं विचारतात. अरे, डॉट मॅट्रिक्समध्ये पिना रिबनवर आपटतात, म्हणून कार्बन लावून एका दमात तीन प्रती निघतात: शेतकऱ्याला, व्यापाऱ्याला, दुकानाला. लेझरला हे जमत नाही. नव्या लॅपटॉपला पॅरलल पोर्ट नसतो, पण एप्सन एलएक्स-३१० सारख्या प्रिंटरला यूएसबीही असते. ड्रायव्हरमध्ये 'जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली' निवडा. मग प्रिंटर स्वतःच्या अक्षरात, पहिल्यासारखा झपाझप छापतो.

वजनकाटा नऊ पिनांच्या सिरियल वायरवर असेल तर यूएसबी-सिरियल वायर घ्या आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये तिला कॉम-१ किंवा कॉम-२ नंबर द्या. जुना प्रोग्रॅम कॉम-११ वर काटा शोधायला जात नाही.

आणि मराठी? इथे खरी मजा आहे. डॉसवर मराठी दिसावी म्हणून पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड मशीनच्या आत बसवायचे. ते तंत्र मूळचं आयआयटी कानपूरचं. आता ते कार्ड बसवायला स्लॉटच नाही, म्हणून नावांच्या जागी किडे-मकोडे दिसतात. घाबरू नका. तो डेटा इस्कीमध्ये असेल तर काम सोपं, कारण युनिकोडची देवनागरी इस्कीवरूनच बेतलेली आहे. अक्षराला अक्षर जुळवत बदलता येतं. पण श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तर त्या फॉन्टचा वेगळा कन्व्हर्टर लागतो. आधी कोणतं आहे ते ओळखा. बदलल्यावर पाच-दहा नावं जुन्या कागदी पट्टीशी ताडून बघा. गणपत आणि गणेश यांची बाकी अदलाबदल झाली तर उत्तर कोण देणार?

काही जण म्हणतील, एवढी कटकट कशाला, नवं सॉफ्टवेअर घ्या ना. घ्या की! पण हंगाम चालू असताना नाही. जुनं चालतं ठेवा, पट्ट्या निघू द्या, आणि उन्हाळ्यात आवक कमी झाली की निवांत बदला. बदलतानाही एक महिना दोन्हीकडे नोंद ठेवा आणि रोज संध्याकाळी बेरीज जुळवा.

या आठवड्याचं काम सांगतो. घरी बाबांना किंवा काकांना विचारा: प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरमध्ये आहे? बॅकअप कुठे आहे? तो शेवटचा कधी उघडून बघितला? तिसऱ्या प्रश्नावर गप्प बसले तर त्याच दिवशी दोन पेन ड्राइव्हवर कॉपी करा, एक दुकानात, एक घरी. बॅकअप उघडून बघितला तरच तो बॅकअप.

चला तर, पुढच्या भागात भेटू. काही अडलं तर विचारा. ऐकत राहा!