निर्लेखित यंत्राची किंमत
(चंडीगड येथे विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



आयनीकारक प्रारणांपासूनची सुरक्षितता हा विषय भौतिकशास्त्राचा मानला जातो. मी मात्र त्याकडे अर्थशास्त्राच्या अंगाने पाहणार आहे. कारण विद्यापीठांमधील या सुरक्षिततेचा एक कच्चा दुवा जडवस्तू नोंदवहीत असतो.

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील गॅमा किरण देणारे एक यंत्र १९८५ पासून वापरात नव्हते. फेब्रुवारी २०१० मध्ये ते लिलावात भंगार म्हणून विकले गेले. मायापुरीच्या भंगार बाजारात त्याचे कवच तोडण्यात आले आणि आतील कोबाल्ट-६० उघडे पडले. एप्रिलमध्ये एका कामगाराचा मृत्यू झाला. इतर अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. अणुऊर्जा नियामक मंडळाने विद्यापीठाला कारणे दाखवा नोटीस बजावली.

येथे दोन प्रकारच्या घसाऱ्यांची गल्लत झाली. पंचवीस वर्षे पडून असलेल्या यंत्राचे पुस्तकी मूल्य शून्याजवळ येते. कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल मात्र सुमारे ५.२७ वर्षे आहे. म्हणजे तेवढ्याच काळानंतर मूळ क्रियाशीलतेचा सुमारे सत्ताविसावा हिस्सा शिल्लक राहतो. मूळ साठा मोठा असेल, तर हा हिस्साही प्राणघातक ठरतो.

प्रत्येक यंत्राचा धोका सारखा नसतो. याच शहरातील पंजाब विद्यापीठात अमेरिकेच्या रोचेस्टर विद्यापीठाकडून मिळालेला सायक्लोट्रॉन बसवण्यात आला. अशा यंत्राची वीज बंद केली की कणांचा झोत थांबतो. कोबाल्ट कोणत्याही कळीने बंद होत नाही.

अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. लिलावाची रक्कम विक्रेत्याला मिळाली. किंमत मोजली ती व्यवहाराची काहीच माहिती नसलेल्या मजुराने. ब्राझीलमधील गोयानिया येथे १९८७ मध्ये सोडून दिलेल्या उपचार केंद्रातील सीझियम-१३७ भंगारवाल्यांच्या हाती पडले. चौघे दगावले आणि एक लाखाहून अधिक नागरिकांची तपासणी करावी लागली. स्रोत वेळीच परत पाठवण्याचा खर्च या खर्चापुढे नगण्यच ठरला असता.

मायापुरीच्या वेळी कायदा नव्हता, असे नाही. २००४ च्या प्रारण संरक्षण नियमांत परवानाधारक व प्रारण सुरक्षा अधिकारी यांची कर्तव्ये नमूद होती. उणीव होती ती संस्थेच्या स्मृतीची. प्राध्यापक निवृत्त होतात, विभागप्रमुख बदलतात. कोबाल्ट मात्र तेथेच राहते.

म्हणून तीन गोष्टी आवश्यक वाटतात. स्रोत खरेदी करतानाच त्याच्या परतीच्या वा विल्हेवाटीच्या खर्चाची तरतूद व्हावी. कार्यभार सोपवताना स्रोतांची प्रत्यक्ष मोजणी व्हावी. सुरक्षा अधिकाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय प्रयोगशाळेतील कोणतेही यंत्र निर्लेखित होऊ नये.

तुमच्यापैकी अनेकजण उद्या प्रशासनात जातील. निर्लेखनाच्या यादीवर स्वाक्षरी करण्यापूर्वी एवढेच विचारा: ही वस्तू येथून बाहेर पडल्यावर ती कोणाच्या हाती जाणार आहे?