उतरला आणि उतरायचंय



आज मी आपल्यापुढे एकाच क्रियापदाची तीन रूपे ठेवणार आहे. कल्याणहून ठाण्याकडे येताना गाडीच्या दाराशी उभे राहणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी ते क्रियापद असते : उतरला, उतरायचंय, उतरवला.

'उतरला' लिहिताना आपण चार अक्षरे मांडतो. बोलताना तीनच होतात : उ-तर्-ला. 'र'मधला अ आपण गिळून टाकतो. पण 'उतरायचंय' म्हणताना तोच 'र' ताठ उभा राहतो आणि 'त'चा अ जातो : उत्-राय्-चंय्. 'उतरवला'चे उत्-रव्-ला. धातू एकच, पण तुकडे पडण्याची जागा हलली, आणि उच्चारातला सौम्य जोरही 'तर्'वरून 'राय्'वर गेला. शाळेत हे कोणी शिकविले होते? नियम मात्र आहे. शब्दाच्या शेवटाकडून मागे यावे. ज्या अ-च्या मागच्या व पुढच्या अक्षरातील स्वर शाबूत असेल, तो गळतो. एक गळाला की त्याच्या आधीचा वाचतो. शब्दाच्या पहिल्या अक्षरातला अ कधीच जात नाही.

फ्रेंचांचीही अशीच खोड आहे. 'बोलणे' याला ते 'पार्ले' म्हणतात (विलेपार्ल्याशी संबंध नाही). मी बोलतो, तू बोलतोस, ते बोलतात, ही रूपे ते तीन तऱ्हांनी लिहितात आणि तिन्हींचा उच्चार 'पार्ल' असाच करतात. कवितेत मात्र शब्दाच्या शेवटचा तो मुका स्वर, पुढे व्यंजन आले की, मोजला जातो. जसा आपल्या अभंगात 'उतरला' पुन्हा चार अक्षरांचा होतो. मराठीच्या घडणीवर १९२० साली ग्रंथ प्रसिद्ध करणारे झ्यूल ब्लॉक फ्रेंच होते, हा योगायोग मला मोठा गोड वाटतो.

आता आपल्या डोंबिवलीतले तमिळ, मल्याळी शेजारी घ्या. गुजराती-हिंदी भाषकांना ही अडचण कमी भासते, कारण त्यांच्याही बोलण्यात अ असाच गळतो. दाक्षिणात्य गृहस्थ मात्र 'उ-त-र-ला' असे वाचतात आणि आपण गालांत हसतो. ते बिचारे आपण लिहिले तसेच वाचीत असतात! लपविलेले अक्षर आपले, आणि हसे त्यांचे. त्यांना मराठी शिकविणाऱ्यांनी काळ-अर्थांची नावे मागाहून सांगावीत. आधी फळ्यावर शब्द तोडून दाखवावा. 'ठाण्याला उ-तर्-णार् का?' एवढे सुटे करून दिले, तर दिवा येण्याच्या आत ते त्यांच्या जिभेवर बसेल.